सोमाली आणि मूळ हवाईयन: दारिद्र्याचे आकडे शेजारी मांडण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: समाजशास्त्राच्या एम.ए.च्या प्रकल्पासाठी अमेरिकेतले सोमाली आणि हवाईचे मूळ रहिवासी यांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीची तुलना करायची आहे. दारिद्र्याचं प्रमाण आणि कौटुंबिक उत्पन्न हे दोन आकडे पुरतील का, आणि कोणाची स्थिती जास्त वाईट म्हणायची?

नाही पुरणार. हे दोन आकडे मांडले की सोमाली तळाशी दिसतात आणि हवाईयन त्यांच्यापेक्षा बरेच वर. मग विद्यार्थी "सोमाली जास्त मागास" असं लिहून मोकळा होतो. पण सोमाली हे निर्वासित म्हणून आलेले लोक आहेत आणि हवाईयनांचा देश त्यांच्या पायाखालून गेला. एकाची अडचण नव्या जागी बस्तान बसवण्याची, दुसऱ्याची स्वतःच्या जागी टिकून राहण्याची. उत्पन्नाच्या एका आकड्यात या दोन्ही गोष्टी मावत नाहीत.

सुरुवात माणसं मोजण्यापासून करा, कारण पहिली गफलत तिथेच होते. 2020 च्या जनगणनेत फक्त "नेटिव्ह हवाईयन" एवढीच नोंद केलेले सुमारे 2 लाख, आणि इतर वंशांसोबत ही नोंद केलेलेही धरले तर सुमारे 6 लाख 80 हजार. उसाच्या मळ्यांवर आलेल्या चिनी, जपानी, पोर्तुगीज, फिलिपिनो कुटुंबांशी पिढ्यान्‌पिढ्या लग्नं झाली, म्हणून हा फरक. "फक्त" वाला आकडा घेतलात तर दोन तृतीयांशाहून जास्त समाज गळतो. दुसरं टोकही टाळा: हवाई राज्यात राहणारा प्रत्येक जण हवाईयन नव्हे.

सोमालींचं उलट आहे. ते "कृष्णवर्णीय" या मोठ्या खान्यात बुडालेले असतात. 2020 मध्ये खाली स्वतःचं मूळ लिहायची सोय होती, त्यातून सुमारे 2 लाख 21 हजार निघाले. उत्पन्न, शिक्षण, नोकरी यांसाठी मात्र अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेकडे (जनगणना विभागाचं दरवर्षीचं नमुना-सर्वेक्षण) जावं लागतं, आणि तिथे नुसता "जन्मदेश सोमालिया" हा निकष लावू नका. केनियातल्या दादाबच्या छावणीत जन्मलेला मुलगा त्यात केनियन होतो आणि मिनिआपोलिसमध्ये (मिनेसोटा राज्यातलं शहर, तिथे सोमालींची मोठी वस्ती आहे) जन्मलेली त्याची बहीण अमेरिकन. आयपम्सवरून (IPUMS, जनगणना आणि सर्वेक्षणांच्या व्यक्तिनिहाय नोंदी देणारं संकेतस्थळ) मूळ नोंदी उतरवून घ्या आणि जन्मदेश, वंशपरंपरेची पहिली नोंद, दुसरी नोंद आणि घरात बोलली जाणारी भाषा यांपैकी एकात जरी सोमाली आलं तरी ती व्यक्ती धरा. नमुना लहान असतो, म्हणून एका वर्षाचा नव्हे तर पाच वर्षांचा एकत्र संच वापरा.

आता दारिद्र्यरेषा. जनगणना विभाग ज्या उत्पन्नमर्यादेवरून गरीब मोजतो ती मिनिआपोलिसला आणि होनोलुलूला एकच असते. योजनांची पात्रता ठरवण्यासाठी आरोग्य खातं वेगळी मर्यादा काढतं आणि ती हवाईसाठी सुमारे 15 टक्क्यांनी जास्त असते. विद्यार्थी या दोन्हींची सरमिसळ हटकून करतात. हवाईत खाण्यापिण्याच्या बहुतेक वस्तू जहाजाने येतात, आणि 1920 च्या जोन्स कायद्यामुळे अमेरिकी बंदरातून अमेरिकी बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेत बांधलेलं, अमेरिकी मालकीचं लागतं, म्हणून वाहतूक महाग पडते. होनोलुलू ज्यावर आहे त्या ओआहू बेटावर स्वतंत्र घराची मध्यक किंमत 10 लाख डॉलरच्या वर गेली आहे. म्हणजे अधिकृत रेषेच्या वर असलेलं हवाईयन कुटुंब खऱ्या अर्थाने वर असेलच असं नाही. घरखर्च धरणारी "पूरक दारिद्र्य मोजणी" हवाईसाठी जरूर घ्या. तिचे राज्यनिहाय आकडे तीन वर्षांच्या सरासरीने देतात.

कौटुंबिक उत्पन्नाचंही तसंच. दोन्ही समाजांत घरं मोठी, पण मोठेपणाचं कारण वेगळं. हवाईयन घरात आजी-आजोबा, दोन भावंडांचे संसार आणि एखादा पुतण्या अशी तीन पिढ्यांची माणसं असतात. कमावणारे तीन-चार, म्हणून घरटी उत्पन्न बरं दिसतं आणि दरडोई काढलं की घसरतं. सोमाली घरात लहान मुलं जास्त, कमावणारे एक-दोन. तेव्हा घरटी, दरडोई आणि "दर कमावत्यामागे खाणारी तोंडं" असे तीन रकाने करा.

हवाईयनांच्या बाजूने खरा विषय जमिनीचा आहे, आणि प्रकल्पाचा निम्मा भाग तिथे खर्च झाला तरी हरकत नाही. 1848 च्या "महेले"ने राजा, सरदार आणि सरकार यांत जमिनीची वाटणी होऊन खासगी मालकी आली. 1850 च्या कायद्याने कसणाऱ्या रयतेला आपल्या तुकड्यावर दावा करता येत होता, पण मोजणी, साक्षीदार, फी आणि मुदत या सगळ्यांतून पार होऊन रयतेच्या हाती एकूण जमिनीच्या एक टक्क्याहूनही कमी आली. 17 जानेवारी 1893 ला राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं, 1898 मध्ये बेटं अमेरिकेत सामील झाली आणि राजघराण्याची व सरकारची सुमारे 18 लाख एकर जमीन अमेरिकेकडे गेली. 1993 मध्ये अमेरिकी संसदेने या उठावातल्या सहभागाबद्दल ठरावाने माफी मागितली; जमीन परत देण्याचं कलम त्या ठरावात नाही.

1921 चा हवाईयन होम्स कमिशन कायदा बारकाईने वाचा. सुमारे 2 लाख एकर जमीन मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवली. वर्षाला 1 डॉलर भाड्याने 99 वर्षांचा पट्टा. ऐकायला झकास. पण उसाखालची चांगली जमीन आधीच वगळलेली होती. उरली ती बरीचशी कोरडी, चढउताराची किंवा लाव्ह्याची. अर्जदाराचं किमान 50 टक्के रक्त हवाईयन हवं. हे सिद्ध करायला स्वतःचा, आईवडिलांचा आणि गरज पडली तर आजी-आजोबांच्याही मागचा जन्म, विवाह, मृत्यू दाखला जोडावा लागतो, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाने एखाद्या दाखल्यावर मोघम नोंद करून ठेवली असेल तर अर्ज तिथेच अडतो. मिश्र लग्नं होत गेल्याने दर पिढीत पात्र माणसं कमी होतात. पट्टेदार वारल्यावर वारसाला (नवरा-बायको, मुलं, नातवंडं वगैरे) 25 टक्के पुरतात. ही अट 1/32 वर आणणारा कायदा राज्याने 2017 मध्ये केला, पण त्याला अमेरिकी संसदेची संमती लागते.

प्रतीक्षायादीत 28-29 हजार माणसं आहेत आणि दिलेले पट्टे 10 हजारांच्या आसपास. यादी बेटानुसार आणि प्रकारानुसार असते: घर, शेती, चराई. एका अर्जदाराला घराच्या यादीत आणि शेती किंवा चराईपैकी एका यादीत नाव लावता येतं. नंबर लागला तरी अडथळा संपत नाही. भूखंड जवळजवळ फुकट मिळतो, घर बांधायला कर्ज लागतं. जमीन विश्वस्त मालकीची असल्याने साधी बँक ती तारण धरत नाही, सरकारी हमीच्या ठरावीक कर्जयोजनांतूनच पैसा उभा करावा लागतो. वयाच्या साठीत नंबर आलेल्या, उत्पन्न आटलेल्या माणसाला तीस वर्षांचं कर्ज पेलणं अवघड. तो पाळी सोडतो, नाव यादीत राहतं, आणि वाट बघता बघता माणसं जातात. या दिरंगाईविरुद्धच्या "कलिमा" खटल्यात राज्याने 32 कोटी 80 लाख डॉलरची तडजोड केली आणि 2022 मध्ये यादी हलवण्यासाठी विधिमंडळाने 60 कोटी डॉलर मंजूर केले. त्यातला मोठा वाटा रस्ते, पाणी आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांत जातो, कारण त्या जमिनीवर आधी काहीच नव्हतं.

याच्या जोडीला दोन मोठ्या संस्था आहेत, त्या विसरू नका. राजकन्या बर्निस पौआही बिशप यांच्या मृत्युपत्रातून उभ्या राहिलेल्या कामेहामेहा शाळांकडे सुमारे 3 लाख 65 हजार एकर जमीन आहे. 1978 च्या राज्यघटनेतल्या दुरुस्तीने ऑफिस ऑफ हवाईयन अफेअर्स (हवाईयनांच्या हितासाठीची राज्याची संस्था) आलं. त्याला सार्वजनिक जमिनीच्या उत्पन्नातला वाटा मिळतो, 2022 पासून वर्षाला 2 कोटी 15 लाख डॉलर. सोमालींकडे असं काही नाही. पण कायद्याच्या दृष्टीने हवाईयनांचं पारडं हलकं आहे: पाचशेहून अधिक अमेरिकी आदिवासी जमातींना "सरकार" म्हणून जी मान्यता आहे ती हवाईयनांना नाही, म्हणून त्यांच्यासाठीची सोय वंशभेद म्हणून कोर्टात ओढता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2000 च्या राइस विरुद्ध कायेतानो निकालाने त्या ऑफिसच्या विश्वस्तांच्या निवडणुकीची, आधी फक्त हवाईयनांची असलेली मतदारयादी सगळ्यांना खुली झाली, ती याच मुद्द्यावर.

सोमालींचा पेच कागदांचा कमी आणि पगार, मुलं व बँकेचा जास्त. जानेवारी 1991 मध्ये सियाद बारे यांची राजवट कोसळली, लोक केनियात गेले आणि तिथल्या छावण्यांतून अमेरिकेत आले. निर्वासित म्हणून आलेल्याला पहिल्या दिवसापासून काम करता येतं, वर्षाने ग्रीन कार्डचा अर्ज, पाच वर्षांनी नागरिकत्वाचा. विमानाचं भाडंसुद्धा बिनव्याजी कर्जच असतं. पाच-सहा महिन्यांत हप्ते सुरू होतात. सुरुवातीची स्वागत-मदत 90 दिवसांची. तेवढ्यात घर, शाळा आणि नोकरी लागायला हवी, म्हणून इंग्रजी न लागणारी कामं धरली जातात: मिनेसोटात टर्कीचे कारखाने, नेब्रास्का आणि कोलोरॅडोत कत्तलखाने, पुढे गोदामं, टॅक्सी, घरी जाऊन रुग्ण सांभाळणं.

कत्तलखान्यात साखळी एका वेगाने फिरते. एक माणूस नमाजाला हलला की शेजाऱ्याच्या हाताखाली माल तुंबतो. सूर्यास्ताची नमाज ऋतूनुसार सरकते, पाळीतली सुट्टी मात्र घड्याळाला बांधलेली. भांडण इथून उठतं. कोलोरॅडोत फोर्ट मॉर्गनच्या कारगिल कारखान्यात डिसेंबर 2015 मध्ये दीडशेच्या आसपास कामगार याच वादात कामावरून गेले आणि 2018 मध्ये कंपनीने 15 लाख डॉलरची तडजोड केली. मिनेसोटात शाकोपीच्या अॅमेझॉन गोदामात सोमाली कामगारांनी रमजानमधल्या कामाच्या वेगावरून कंपनीला चर्चेला बसवलं.

पैशाचा प्रवास हा वेगळा रकाना ठेवा, कारण सर्वेक्षणात तो दिसत नाही. सोमाली घरातून दरमहा काही रक्कम मोगादिशूला, हर्गेसाला किंवा छावणीत जाते. सगळ्या जगातून सोमालियात जाणारा असा पैसा वर्षाला अब्ज डॉलरहून जास्त आहे. तो पैसे पोचवणाऱ्या हवाला कंपन्यांमार्फत जातो, आणि दहशतवादविरोधी नियमांच्या धास्तीने बँका त्यांची खाती बंद करतात: मिनेसोटात 2011 च्या अखेरीस, कॅलिफोर्नियात फेब्रुवारी 2015 मध्ये. म्हणून सोमाली कुटुंबाचं खर्च करण्याजोगं उत्पन्न कागदावरच्या उत्पन्नापेक्षा कमी धरा.

व्याज निषिद्ध मानल्याने घराचं कर्ज अनेक जण टाळतात. त्याऐवजी मुराबहा: संस्था घर विकत घेते आणि ठरलेला नफा चढवून हप्त्याने विकते. धंद्याचं भांडवल बायका "आयूतो"तून उभं करतात, ती सरळसरळ आपली भिशी: दहा जणी, दरमहा 500 डॉलर, पाळीपाळीने एकीला 5,000. मिनिआपोलिसच्या कार्मेल मॉलसारख्या ठिकाणच्या कित्येक गाळ्यांमागे असाच पैसा असतो. बँकेच्या नोंदीत त्याचा मागमूस नसतो, म्हणून "बचत शून्य" या रकान्यावर विश्वास ठेवू नका.

काळाची दिशा दाखवल्याशिवाय तुलना पुरी होत नाही. सोमालींची सरासरी नव्याने आलेले लोक खाली ओढतात. अमेरिकेत आल्याचं वर्ष घेऊन 2000 च्या आधीचे, 2000 ते 2010 चे, नंतरचे आणि अमेरिकेत जन्मलेले असे गट पाडा, चित्र एकदम पालटतं. राजकारणात तर ते लवकरच दिसलं: एकाच वस्तीत एकवटलेली मतं असल्याने 2013 मध्ये मिनिआपोलिसच्या नगर परिषदेत सोमाली सदस्य निवडून आला आणि 2018 मध्ये इल्हान ओमर संसदेवर निवडून आल्या. पण 2017 आणि 2025 च्या प्रवेशबंद्यांत सोमालिया होता, त्यामुळे कुटुंबं अर्धी इकडे, अर्धी तिकडे राहतात.

हवाईयनांना असं गटवार विभागता येत नाही. त्यांना राहत्या ठिकाणानुसार विभागा. 2020 मध्ये निम्म्याहून जास्त, सुमारे 53 टक्के हवाईयन हवाई राज्याबाहेर होते. लास वेगासला तर "नववं बेट" म्हणतात (हवाईची मुख्य बेटं आठ). इथे एक छुपा सापळा आहे: भाडं न परवडणारं कुटुंब बेट सोडून गेलं की राज्यातला गरिबीचा आकडा सुधारतो, कोणाचा पगार न वाढता. उलट बाजूला ओआहूवरच्या बेघरांत मूळ हवाईयन आणि पॅसिफिक बेटवासी लोकसंख्येतल्या वाट्याच्या कितीतरी पट, आणि तुरुंगातही तेच: 2010 च्या अहवालात मूळ हवाईयन राज्याच्या लोकसंख्येत सुमारे 24 टक्के, कैद्यांत 39. अनेक कैदी जागेअभावी अॅरिझोनात ठेवलेले असतात. भेटीला जायचं तर समुद्र ओलांडून.

आरोग्य आणि भाषा थोडक्यात आटपा. 2017 च्या मिनेसोटातल्या गोवराच्या साथीत 75 रुग्ण सापडले, बहुतेक सोमाली मुलं. लसीमुळे स्वमग्नता येते या अफवेने त्यांच्यातलं लसीकरण दहा वर्षांत 92 वरून 42 टक्क्यांवर आलं होतं. हवाईयनांत हृदयविकार आणि मधुमेह जास्त, आयुर्मान राज्यापेक्षा कमी. हवाईयन भाषा 1896 च्या कायद्याने शाळांतून गेली आणि 1984 पासून हवाईयन भाषेतून चालणाऱ्या पुनाना लेओ बालवाड्यांतून परत आली. सोमालीला अधिकृत लिपी 1972 मध्ये मिळाली.

माझं मत विचाराल तर जोडीच बदला. हवाईयनांची जुळणारी तुलना मिनेसोटाच्या डाकोटा आणि ओजिब्वे या मूळ रहिवासी लोकांशी होते, आणि सोमालींची पॅसिफिकमधल्या छोट्या बेटदेशांतून हवाईत आलेल्या मायक्रोनेशियनांशी. मायक्रोनेशियन 1986 च्या करारामुळे व्हिसाविना राहू शकतात, पण 1996 मध्ये त्यांचं मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) गेलं ते थेट डिसेंबर 2020 मध्ये परत मिळालं. मार्गदर्शक मूळ जोडीवरच अडून बसले तर मिनेसोटा आणि हवाई अशी दोन राज्यं धरून, दर राज्यातले दोन असे चार समाज घ्या, नाहीतर निदान दोन्हींसाठी वरचे रकाने सारखे ठेवा. आणि 2024 च्या नव्या वंशवर्गीकरणात सोमालींना कृष्णवर्णीय गटाखाली स्वतःची चौकट मिळाली आहे. त्या नमुन्यावर गोळा झालेले आकडे आले की ते जुन्या मालिकेला सरळ जोडू नका, मध्ये रेघ मारा.