रस्ता आरपार काढ

तुझे पत्र वाचले. पुण्यातल्या वाघोलीच्या त्या ले-आउटमधला, म्हणजे भूखंड पाडण्याच्या आराखड्यातला, रस्ता मागच्या हद्दीपर्यंत नेऊन शेजारच्या जमिनीकडे मोकळा ठेवावा, की विकासकाच्या म्हणण्याप्रमाणे तिथे भिंत घालून दोन भूखंड वाढवावेत, असे तू विचारतेस. ‘एका ले-आउटने शहराचे काय बिघडणार’ हे तुझे वाक्य मात्र मला खटकले. शहर बिघडते ते अशा एकेका ले-आउटनेच.

आपल्याकडे शेते सातबाऱ्याच्या हद्दीने विकली जातात. मुख्य रस्त्यावरून आत शिरलेला रस्ता बांधापाशी संपतो, शेजारचा विकासकही तेच करतो, आणि अशा सगळ्या पट्ट्यांमधली वाहने शेवटी एकट्या नगर रस्त्यावर येऊन तुंबतात. मग आपण उड्डाणपूल मागतो. धायरीकडे पाठीला पाठ लावून असलेल्या दोन सोसायट्या मी पाहिल्या आहेत. शाळा भिंतीपलीकडेच आहे. मुलांनी विटा रचून पायरी केली आहे आणि भिंतीवरच्या काचा दगडाने ठेचून बोथट केल्या आहेत. गेटमधून जायचे तर मोठा वळसा पडतो, म्हणून आया स्कूटर काढतात.

म्हणून सांगतो, रस्ता आरपार काढ. इमारत पाडून पुन्हा बांधता येते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मालकी बसली की तो हलत नाही. सदाशिव पेठेतल्या वाड्यांच्या जागी अपार्टमेंट आली, पण गल्ल्या बहुतेक जुन्याच आहेत, आणि त्या एकमेकींना मिळतात म्हणून लक्ष्मी रस्ता तुंबला तरी माणूस कुमठेकर रस्त्याने निघून जातो.

सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून, आधी रस्ते आखून, मग प्रत्येकाला नवा भूखंड देण्याची सोय १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून आहे. अहमदाबादने ती चालू ठेवली. आपण आराखड्यावर रेघा मारून भूसंपादनाची वाट पाहत बसलो. हे बैठकांत बोलून मी एकटा पडलो, हातची कामे गेली, त्याची खंत आहे. पण माझा आग्रह चुकला असे आजही वाटत नाही. अमेरिकेतल्या शतकभराच्या रस्त्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार तिथेही तुटक, बंद रस्त्यांची वाढ १९९४ च्या सुमारास कळसाला पोहोचली आणि पुढे उतरू लागली. हे वळवता येते, बाई.

मागे नुसती पायवाट ठेवली तर चालेल का? नाही. तिला उद्या फाटक लागेल आणि परवा कुलूप. रस्ता पूर्ण रुंदीचा, आरपार, आणि नकाशावर सार्वजनिक म्हणून दाखवलेला हवा. सही करण्याआधी मागच्या गटाचा नकाशा काढून आण. तिथल्या रस्त्याची रेघ तुझ्या रस्त्याच्या रेघेसमोर आली पाहिजे.