वाचकांचे प्रश्न : पाठ्यपुस्तक नसलेले कॉलेज

प्रश्न : आम्ही मूळचे वसईचे ख्रिस्ती. बरीच वर्षे लॉस एंजेलिसजवळ राहतो. मुलगी बारावीत आहे. राज्य विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सला सहज प्रवेश मिळेल असे तिचे गुण आहेत. पण चर्चमधल्या एका कुटुंबाकडून तिने सांता पॉला येथील थॉमस अक्वायनस कॉलेजविषयी ऐकले आणि तेव्हापासून तिने तिथेच जाण्याचा हट्ट धरला आहे. तिथल्या वसतिगृहाची शिस्त ऐकून माझी पत्नी निश्चिंत झाली आहे. मला मात्र कळत नाही, की जिथे विषय निवडता येत नाहीत, प्राध्यापक व्याख्यान देत नाहीत आणि पाठ्यपुस्तकेही नाहीत, तिथे ही मुलगी चार वर्षे करणार काय? कॅथलिक कॉलेज म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर झेवियर्स येते. हे तसेच आहे का? आणि पदवीचा पुढे उपयोग काय?

उत्तर : झेवियर्सपासूनच सुरुवात करू, कारण तुलना तिथेच फसते. मुंबईचे झेवियर्स १८६९ साली जेझुइटांनी काढले. चालवणारे कॅथलिक, पण अभ्यासक्रम विद्यापीठीय परंपरेतला आणि विद्यार्थी सर्व धर्मांचे. वसईतील शाळांचा आपला अनुभवही थोडाफार असाच असेल. थॉमस अक्वायनस कॉलेज १९७१ साली सुरू झाले, आणि ते कोणत्याही धर्मसंघाने किंवा धर्मप्रांताने नव्हे, तर प्रापंचिक कॅथलिक अध्यापकांनी काढले. त्याआधी चारच वर्षे, १९६७ मध्ये, अमेरिकेतील मोठ्या कॅथलिक विद्यापीठांच्या प्रमुखांनी एक निवेदन काढून बाहेरच्या सर्व सत्तांपासून, धर्मसत्तेपासूनही, स्वायत्तता हवी असे म्हटले होते. नवे कॉलेज काढणाऱ्या अध्यापकांना ती दिशा मान्य नव्हती. म्हणजे झेवियर्समध्ये ‘कॅथलिक’ हा शब्द व्यवस्थापनाला लागतो, तर इथे तो अभ्यासक्रमालाच लागतो. कॉलेज लहान आहे. कॅलिफोर्नियाच्या आवारात विद्यार्थी चारशेच्या आसपास. २०१९ पासून मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थफील्ड येथे दुसरे आवार सुरू झाले आहे, अभ्यासक्रम मात्र तोच.

तो अभ्यासक्रम सर्वांना एकच असतो. पहिल्या वर्षी होमर, सोफोक्लीज, प्लेटो, युक्लिडची भूमिती, ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्र आणि संपूर्ण बायबल. दोन वर्षे लॅटिन. दुसऱ्या वर्षी टॉलेमी, कोपर्निकस आणि केप्लर यांचे खगोलशास्त्र. तिसऱ्या वर्षी न्यूटनचे ‘प्रिन्सिपिया’ आणि ज्यांच्या नावाने हे कॉलेज आहे त्या मध्ययुगीन तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांचा ईश्वरविद्येवरील महाग्रंथ. चौथ्या वर्षापर्यंत मॅक्सवेल, आइनस्टाइन, टॉलस्टॉय, मार्क्स आणि नीत्शे. धर्माचे कडवे टीकाकार मार्क्स आणि नीत्शे त्या यादीत आहेत हे पत्नीला आवर्जून सांगा. पाठ्यपुस्तक नाही याचा अर्थ इतकाच, की लॅटिन व्याकरणासारखा अपवाद सोडला तर ‘न्यूटन काय म्हणाला’ हे सांगणारे पुस्तक वाचायचे नाही, न्यूटनच वाचायचा. आपल्याकडे गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंचावर वाढलेल्या माणसाला हे ऐकून थोडी धडकी भरते. मलाही भरली होती.

वर्गात काय चालते, हे एका उदाहरणाने सांगतो. वर्गात पंधरा-वीस जण टेबलाभोवती बसतात. शिकवणाऱ्याला प्राध्यापक म्हणत नाहीत, ट्यूटर म्हणतात, आणि वर्गात सगळे एकमेकांना मिस्टर किंवा मिस लावून आडनावाने हाक मारतात. गणिताच्या तासाला एका विद्यार्थ्याने फळ्यापाशी जाऊन, हातात पुस्तक न घेता, युक्लिडचे प्रमेय सिद्ध करायचे असते. समजा, पहिल्या पुस्तकातले पाचवे प्रमेय आहे : समद्विभुज त्रिकोणाच्या पायाचे कोन समान असतात. आपल्या बोर्डात शिकलेला मुलगा पक्ष, साध्य असे लिहील, शिरःकोनाचा दुभाजक काढील, दोन त्रिकोण एकरूप दाखवील आणि चार ओळींत मोकळा होईल. मग टेबलावरून कोणीतरी विचारते, ‘हा दुभाजक तुम्ही कशाच्या आधारावर काढलात?’ कोन दुभागण्याची रचना युक्लिड नवव्या प्रमेयात देतो. नववे आठव्यावर उभे आहे, आठवे सातव्यावर, आणि सातवे ज्यावर उभे आहे ते हेच पाचवे. जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले गेले! म्हणून युक्लिड दोन्ही भुजा खाली वाढवतो, त्यांवर सारख्या लांबीचे भाग घेतो, तिरप्या रेषा जोडतो आणि त्रिकोणांच्या दोन जोड्या एकामागून एक एकरूप दाखवून शेवटी मोठ्या समान कोनांतून लहान समान कोन वजा करतो. या प्रमेयाला युरोपात जुन्या काळापासून ‘गाढवांचा पूल’ म्हणतात. फळ्यापाशी अडकलेल्याला ट्यूटर पुढची पायरी लगेच सांगत नाही. वर्ग गप्प राहतो, आणि ती शांतता सहन करणे हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे असे मला वाटते. शिस्तीची हमी म्हणून हे कॉलेज निवडू नका. शिस्त आहे : मुलामुलींची वसतिगृहे वेगळी, एकमेकांच्या वसतिगृहात प्रवेश नाही, रात्री ठराविक वेळेला परत यायचे, वर्गात नीटनेटका ठरलेला पोशाख, आवारात रोज मिस्सा, म्हणजे चर्चमधला उपासनाविधी. परंतु आई-वडिलांच्या मनाला स्वस्थता मिळावी म्हणून सतरा वर्षांच्या मुलीला ॲरिस्टॉटलचे ‘फिजिक्स’ वाचायला बसवणे हा महाग आणि निरुपयोगी उपाय आहे. वीस जणांसमोर चुकण्याची, चूक दाखवून दिल्यावर न रुसण्याची आणि दुसऱ्याची चूक सभ्यपणे दाखवण्याची तिची तयारी आहे का, एवढेच पाहा. विद्यार्थ्याला समोर बसवून त्याचे सगळे ट्यूटर त्याच्या कामाविषयी आपसात बोलतात, असाही एक प्रकार तिथे आहे. त्याला ‘डॉन रॅग’ म्हणतात. मिस अमुक वाचून येतात, पण बोलत नाहीत. मिस अमुक बोलतात, पण दुसऱ्याचे ऐकून घेत नाहीत, अशा धाटणीचे ते बोलणे असते. गुणपत्रिका खिशात घालता येते, हे घालता येत नाही. चौथ्या वर्षी प्रबंध लिहून त्याची तोंडी परीक्षाही द्यावी लागते.

उपयोगाविषयी स्पष्ट सांगतो. पदवी मान्यताप्राप्त आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागातील कॉलेजांना मान्यता देणाऱ्या आयोगाची मान्यता या कॉलेजाला आहे. इथून बाहेर पडलेले कायद्याकडे, अध्यापनाकडे, पुढच्या संशोधनाकडे, धर्मगुरू होण्याकडे आणि धंद्याकडेही जातात. वैद्यकीय शिक्षणाला जायचे असेल, तर तिथे मागितले जाणारे रसायन, जीवशास्त्र वगैरे अभ्यासक्रम नंतर वेगळे करावे लागतील. सॉफ्टवेअर इंजिनीअर व्हायचे तिने ठरवलेच असेल, तर हा रस्ता लांबचा आहे, आणि राज्य विद्यापीठच बरे. पण आपल्या पत्रात कॉम्प्युटर सायन्सला ‘प्रवेश मिळेल’ असे आहे. तिला ते हवे आहे, असे कुठेही नाही.

एक व्यावहारिक गोष्ट. कॉलेज सांता पॉलाहून ओहायकडे जाणाऱ्या डोंगरी रस्त्यावर आहे. (जे. कृष्णमूर्तींमुळे ओहाय हे नाव मराठी वाचकाला अनोळखी नसावे.) डिसेंबर २०१७ मध्ये याच परिसरात पेटलेल्या वणव्याला कॉलेजच्या नावावरूनच ‘थॉमस फायर’ हे नाव पडले, त्यात २ लाख ८० हजार एकरांहून अधिक क्षेत्र जळाले. विद्यार्थ्यांना वेळीच हलवले गेले आणि कॉलेजच्या इमारती वाचल्या. सुरक्षिततेचा विचार करताना पत्नीने रात्रीच्या हजेरीबरोबर हाही विचार करावा. भेटीला येणाऱ्यांना तिथे वर्गात बसू देतात. मुलीला घेऊन जा, पण वर्गात तिला एकटीला बसू द्या. परतताना गाडीत ती कशाविषयी बोलते, ते नुसते ऐका.

प्रश्न : मी पुण्यात इंजिनीअरिंगची दोन वर्षे पूर्ण केली आहेत, दोन विषयांत एटीकेटी आहे. प्लेटोचे संवाद वाचल्यापासून माझे मशीन ड्रॉइंगमध्ये मन लागत नाही. मी हिंदू आहे. अशा कॉलेजात मला थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेल का? धर्माची अडचण येईल का? कॉलेजात काम करून खर्च भागेल का?

उत्तर : तिसऱ्या वर्षाला नाही. इथे दुसऱ्या कॉलेजचे क्रेडिट चालत नाहीत. दोन वर्षे झालेला असो वा पदवीधर असो, प्रत्येकाला पहिल्या वर्षापासूनच यावे लागते. कारण उघड आहे. तिसऱ्या वर्षी न्यूटन वाचताना वर्गातल्या प्रत्येकाने युक्लिड आणि केप्लर याच टेबलावर वाचलेले असतात, आणि चर्चा त्या आधारावरच उभी राहते.

धर्म ही प्रवेशाची अट नाही. मात्र चारही वर्षे ईश्वरविद्या अनिवार्य आहे, आणि ती धर्मांचा तौलनिक अभ्यास म्हणून नव्हे, तर श्रद्धेने स्वीकारलेल्या सत्याचा विचार म्हणून शिकवली जाते. सोबतचे बहुतेक सगळे कॅथलिक असतील. आपण त्यांच्याशी वाद घालू शकाल, घालावाही. पण हा विषय बाजूला ठेवून बाकीचे शिकीन, असे तिथे चालणार नाही.

खर्चाचे म्हणाल, तर घरच्या ऐपतीनुसार मदत मिळते आणि तिचा एक भाग म्हणून विद्यार्थी आठवड्याला साधारण १३ तास कॉलेजात काम करतात : स्वयंपाकघरात, ग्रंथालयात, बागेत. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, त्यामुळे कायद्याची आडकाठी नाही. पण भांडी घासून चार वर्षांची फी निघेल, या भ्रमात राहू नका. परत येऊन भारतात एम.ए. करायचे किंवा सरकारी नोकरी धरायची झाली, तर परदेशी पदवीला समकक्षता मिळवावी लागते. त्यासाठी यूजीसीची २०२५ ची नियमावली आधी वाचा, नंतर नव्हे.

आणि एक आगाऊपणा करतो. ते एटीकेटीचे दोन विषय आधी सोडवा. मशीन ड्रॉइंगमध्ये मन लागत नाही ही प्लेटो वाचण्याची पात्रता होत नाही. टॉलेमीच्या आकृत्या मशीन ड्रॉइंगहून किचकट आहेत.

प्रश्न : मी साताऱ्यात तीस वर्षे भूमिती शिकवून निवृत्त झाले. या कॉलेजविषयी भाच्याने सांगितले. अमेरिकेला जाणे माझ्याच्याने होणार नाही. इथेच चार-पाच जणांनी मिळून युक्लिड असा वाचायचा झाला, तर काय करावे? आपल्याकडे त्याची काही परंपरा आहे का?

उत्तर : बाई, परंपरा आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राट या पंडिताने युक्लिड अरबीवरून संस्कृतात आणला. त्या ग्रंथाचे नाव ‘रेखागणित’, आणि पुढे तो मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापलाही गेला. तेव्हा आपण ज्याला परदेशी कॉलेजचा अभ्यासक्रम म्हणतो, त्यातला निदान पहिल्या वर्षाच्या गणिताचा ग्रंथ तीनशे वर्षांपूर्वी आपल्या पंडितांच्या हातात होता.

पाच जण पुरेत, सातहून अधिक नकोत. एक फळा, प्रत्येकाजवळ युक्लिडची प्रत, आणि टीपा-भाष्ये घरी. प्रमेय कोणी करायचे, हे आयत्या वेळी चिठ्ठी काढून ठरवा, म्हणजे सगळे तयारी करून येतील. अवघड जाईल ते आपल्यालाच, कारण तीस वर्षांची सवय आहे : समोरचा अडला की आपला हात खडूकडे जाईल. तो खडू दुसऱ्याच्या हातात राहू द्या. सुरुवात पहिल्या प्रमेयापासून नको, पहिल्या व्याख्येपासून करा : ज्याला भाग नाहीत तो बिंदू. भाग नाहीत, तर तो कागदावर दिसतो कसा, आणि असे बिंदू कितीही ठेवले तरी त्यांची रेषा कशी होईल, असे कोणीतरी विचारणारच. पहिली बैठक त्या एका वाक्यावरच संपली, तर मागे पडलो असे समजू नका. दुसऱ्या बैठकीला चहा थोडा जास्त टाका.