भावाने अमेरिकेत घेतलेली जुनी .303 रायफल ओरिजिनल आहे का, कसं ओळखावं?

तुम्ही लिहिलंय की टेक्सासमधल्या भावाने इशापूरच्या (बंगालमधल्या) रायफल कारखान्यातली .303 घेतली, बट सॉकेटवर, म्हणजे दस्ता जिथे धातूत बसतो त्या कड्यावर, 1942 आहे, पण लाकूड नंतरचं दिसतं आणि बोल्टचा (गोळी आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाचा) नंबर जुळत नाही. म्हणजे फसवलं का? मी सैन्यात आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा होतो, आता ठाण्यात नौपाड्यात असतो. लाकडाची काळजी सोडा. बोल्टचं मात्र बघावं लागेल.

सैन्यातली रायफल कारखान्यातून निघाली तशी कधीच राहत नाही. बॅरल (नळी) झिजलं की बदलतं, फोरएंड, म्हणजे नळीखालचं पुढचं लाकूड, तडकला की नवा बसतो. इशापूरला तर अख्खी रायफल उघडून दुरुस्त करायचे, त्याचा 'एफ.टी.आर.' (फॅक्टरी थरो रिपेअर) शिक्का आणि साल कुठे दिसतं का, भावाला शोधायला सांगा. धातूवरचा काळा रंग, लाकूड फुटू नये म्हणून फोरएंडमधून आडवा घातलेला जादा स्क्रू, हे नंतर तिथेच केलेलं काम. ते काढून कुणी '1942 सारखी करून देतो' म्हणाला, तर बनावट तिथून सुरू होते.

नंबर रिसीव्हरवर (ज्यात बोल्ट सरकतो तो मुख्य धातूचा भाग), बोल्टच्या दांड्यामागे, बॅरलवर, नोजकॅपवर (पुढच्या टोकाची धातूची टोपी) आणि नेम धरायच्या मागच्या साइटवर बघा. बोल्टवरचा जुना नंबर रेघ मारून खोडलाय आणि शेजारी रिसीव्हरचा ठोकलाय, तर तो बहुधा शस्त्रागारातच बसवलेला. साफ वेगळाच असेल, तर विकणाऱ्याने पेटीतून हाताला लागला तो लावला असणं शक्य आहे. मग गनस्मिथकडून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि गोळी यांच्यातली जागा, मोजल्याशिवाय एकही गोळी झाडू नये. 'डी.पी.' (ड्रिल पर्पज) शिक्का असेल तर ती कवायतीची, झाडायचीच नाही.

आणि सगळे नंबर जुळले म्हणूनही भुलू नका. रशियन शस्त्रागारांनी युद्धानंतर त्यांच्या जुन्या मोसिन रायफली दुरुस्त करताना सुटे भाग मिसळले आणि त्यांवर रिसीव्हरचेच नंबर घातले. जुळतात सगळे, जन्मापासून एकत्र नसतात.

लाकडाला पॉलिश पेपर अजिबात लावू नये. शिक्के जातात आणि लाकूड धातूच्या पातळीखाली बसतं. ते परत येत नाही. कापडाने मळ काढून कच्चं जवसाचं तेल अगदी पातळ चोळावं. धातूला नुसतं बंदुकीचं तेल. नव्याने ब्लूइंग (धातूला निळा-काळा रंग चढवणं) नको.

दिवाणखान्यात टांगायला ती तुमच्याकडे ऐरोलीला आणायचा बेत असेल तर विसरा. .303 आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (सामान्य नागरिकाला मनाई असलेलं नळीचं माप) आहे, साध्या परवान्यावर मिळत नाही.