रँग्लरला नवं इंजिन, की फक्त नवे गिअर?

फ्रीमाँटहून एका वाचकाचं पत्र आलंय. त्यांच्याकडे 2010 ची चार दारांची जीप रँग्लर सहारा आहे. गाडी 1,10,000 मैल धावली आहे. दोन वर्षांपूर्वी गाडी उंचावून (लिफ्ट करून) 35 इंची टायर टाकले, आणि तेव्हापासून हायवे 50 ने टाहोकडे चढताना गाडी दम टाकते. एका दुकानाने 5.7 लिटरचं हेमी इंजिन (क्रायस्लरचं मोठं व्ही-8) बसवायला 27,500 डॉलर सांगितलेत. दुसऱ्याने दोन्ही अ‍ॅक्सलचे गिअर 3.73 चे 4.88 करायला 2,900 (चाकाच्या एका फेरीला इंजिनाकडून येणारा दांडा किती फेरे घेतो, ते हे आकडे सांगतात). पहिल्या कामासाठी 401(के) मधून, म्हणजे पगारातून कापून साठणाऱ्या निवृत्तीच्या खात्यातून, कर्ज काढायचं, आणि हप्ता झेपावा म्हणून पाच वर्षं 401(के) ची कपात सहा टक्क्यांवरून तीनवर आणायची, असा त्यांचा बेत आहे. "एकदाच काय ते करून टाकू का?" असं ते विचारतात.

माझं उत्तर: गिअर बदला, रोख पैसे देऊन. इंजिनासाठी 401(के) ला हात लावू नका.

आधी गाडीचं बोलतो, कारण दुखणं नेमकं कुठे आहे ते कळल्याशिवाय पैशाचा हिशेब मांडता येत नाही. तुमच्या गाडीला कंपनीतून साधारण 32 इंचाचे टायर होते. 35 चे टाकलेत तेव्हा न सांगता गिअरही बदलला गेला. 3.73 चा गिअर आता 3.41 सारखा वागतो. ताशी 65 मैलांवर, ओव्हरड्राइव्हमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या गिअरमध्ये, तुमचं इंजिन मिनिटाला जेमतेम 1,600 फेऱ्यांवर फिरतं. या 3.8 लिटरच्या इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) मात्र 4,000 फेऱ्यांच्या आसपास सर्वांत जास्त असतो. मग जरा चढ आला की ट्रान्समिशन खाली येतं, पुन्हा वर जातं, पुन्हा खाली. ही घालमेल तुम्ही पत्रात फार नेमकी वर्णन केली आहे. 4.88 टाकलेत तर त्याच वेगाला इंजिन 2,100 वर राहील आणि प्रत्येक गिअरमध्ये चाकांवर 31 टक्के जास्त जोर पोचेल. खडकांवर, लो रेंजमध्ये (अवघड वाटेसाठीच्या सावकाश गिअरमध्ये), पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर 29 च्या आसपास आहे, ते 38 च्या जवळ जाईल. टाहोजवळच्या खडकाळ रुबिकॉन ट्रेलवर जायची तुमची इच्छा आहे, तिथे ब्रेकवरचा पाय हलका होईल तो यामुळेच.

गिअरने काय होणार नाही, तेही सांगायला हवं. अश्वशक्ती 202 ची 202 च राहील. हायवे 50 वरची एको समिट ही खिंड 7,382 फुटांवर आहे. तिथल्या विरळ हवेत टर्बो नसलेलं इंजिन पाचवा हिस्सा ताकद सहज गमावतं. शेवटच्या चढावर लोक तुम्हाला ओलांडून जातील. ते मनाला लागणार असेल, तर ते आत्ताच स्वतःशी कबूल करा.

आता कर्जाकडे वळू. 27,500 डॉलर, नऊ टक्के, पाच वर्षं म्हणजे महिन्याला 571 डॉलर. "व्याज आपल्याच खात्यात जातं" हे खरं आहे, पण तेवढी रक्कम तेवढा काळ बाजाराबाहेर बसते. मला त्याहून जास्त खुपतंय ते कपात अर्धी करणं. तुमची कंपनी सहा टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर भर घालते. दीड लाखाच्या पगारावर तीन टक्के सोडलेत की वर्षाला 4,500 डॉलर कंपनीकडेच राहिले. पाच वर्षांत 22,500. दुकानदाराच्या कोटेशनवर हा आकडा कुठेच दिसणार नाही, म्हणून तो त्याच्या शेजारी पेनाने लिहून ठेवा.

आणि तुम्ही एच-1बी वर आहात. नोकरी गेली तर नवी शोधायला साधारण 60 दिवस मिळतात, आणि अनेक प्लॅनमध्ये उरलेलं कर्ज त्याच सुमारास अंगावर येतं. त्या वर्षीच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत ती रक्कम भरून काढली नाहीत, तर ती काढून घेतली असं धरतात. समजा सव्वा वर्षाने 22,000 बाकी आहेत. त्यावर प्राप्तिकर, वर केंद्राचा 10 टक्के आणि कॅलिफोर्नियाचा अडीच टक्के दंड. नुसता दंडच 2,750 डॉलर. म्हणजे जवळजवळ गिअरचं बिल, आणि हातात काही नाही.

कॅलिफोर्नियात इंजिन बदलणं हे कागदाचंही काम आहे. नवं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, त्याची धूर-नियंत्रणाची सगळी यंत्रणा सोबत हवी, आणि राज्याच्या धूर-तपासणी रेफरीकडे गाडी नेऊन तपासून घ्यावी लागते. माझ्या एका अशिलाची गाडी एका दुकानात चौदा महिने बॉनेटविना उभी होती. हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून कापला जात होता. शिवाय तुमच्या कोटेशनमध्ये ट्रान्समिशन आहे, पुढचा अ‍ॅक्सल नाही. सहाराला पुढे डाना 30 नावाचा, त्यामानाने हलका अ‍ॅक्सल असतो. हेमीच्या जोरापुढे आणि 35 च्या टायरखाली तो तसाच ठेवणं मला धोक्याचं वाटतं. म्हणजे 27,500 वर गोष्ट थांबणार नाही. विमा कंपनीला न कळवता हे केलंत तर अपघातानंतर त्या खर्चाची भरपाई मागताना जड जाईल.

एकच अट. गिअरचे पैसे देण्याआधी इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर किती दाब धरतात त्याची तपासणी) करून घ्या. इंजिन ऑइल पीत असेल किंवा एखादा सिलिंडर बसला असेल, तर 2,900 ही घालू नका. तेव्हा ही गाडी विकून 2012 ची किंवा त्यानंतरची, 285 अश्वशक्तीच्या 3.6 लिटर इंजिनाची रँग्लर बघणं हेमीपेक्षा कितीतरी शहाणपणाचं.

टेस्ट चांगली आली तर दुकान निवडताना घाई नको. रिंग गिअरच्या, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चकतीच्या, दातांना पिवळं मलम लावून, हाताने फिरवून, दात कुठे टेकतो त्याचा ठसा बघतात. ठसा दाताच्या मधोमध यायला हवा. त्या ठशाचा फोटो आणि बॅकलॅशचा (दातांमधल्या मोकळिकीचा) आकडा बिलावर मागा. जो कारागीर हे आनंदाने देतो त्याच्याकडे काम द्या. पुढेमागे लॉकर (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारं यंत्र) बसवायचा विचार असेल तर आत्ताच बसवा, कारण डिफरन्शियल (हे गिअर ज्यात असतात तो डबा) उघडायची मजुरी एकदाच पडते. गाडीच्या कॉम्प्युटरला नवा गिअर आणि टायरचं माप सांगायला विसरू नका, नाहीतर स्पीडोमीटर चुकीचं दाखवेल.

काम झाल्यावर पहिल्यांदा पंधरा-वीस मैल सावकाश चालवा आणि गाडी पूर्ण थंड होऊ द्या. पहिले 500 मैल ट्रेलर ओढू नका. त्यानंतर दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल बदला, आणि मगच टाहोचं बुकिंग करा.