ब्रिटनचा हुजूर पक्ष पहिल्यापासून खुल्या बाजाराचा पुरस्कर्ता होता का?

छे, उलट खुल्या व्यापारावरूनच हा पक्ष एकदा उभा फुटला होता. कॉन्झर्व्हेटिव्ह म्हटलं की खासगीकरण, हे समीकरण आपल्या डोक्यात बसलं ते ऐंशीच्या दशकातल्या पंतप्रधान मार्गारेट थॅचरबाईंमुळे.

१८१५ च्या धान्य कायद्याने देशात गव्हाचा भाव क्वार्टरला (धान्याचं तेव्हाचं ब्रिटिश माप) ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गव्हाला बाजार बंद केला. संसदेत भरणा जमीनदारांचाच. गरिबाचा पाव महागला तरी बेहत्तर, जमीनदारी टिकली पाहिजे, हा तेव्हाचा पुराणमतवाद! आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजलं, उपासमार सुरू झाली आणि १८४६ मध्ये हुजूर पक्षाचेच पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी हे कायदे मोडीत काढायचं ठरवलं. त्यांचे स्वतःचे दोन-तृतीयांश खासदार विरोधात गेले, विधेयक तरलं ते विरोधी व्हिग पक्षाच्या मतांवर. सभागृहात पीलना सर्वांत जास्त सोलून काढलं त्यांच्याच पक्षाच्या डिझरायलींनी. पुढे हे डिझरायली पंतप्रधान झाले, पण धान्यावरची जकात काही त्यांनीही परत आणली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर तर सरकारने घरं बांधावीत हेही हुजूर पक्षाला मान्य होतं. वर्षाला तीन लाख घरांचं आश्वासन गृहनिर्माणमंत्री मॅकमिलन यांनी १९५३ मध्ये पुरं केलं. त्याच पक्षाच्या थॅचर सरकारने १९८० मध्ये कायदा करून नगरपालिकांची घरं भाडेकरूंना सवलतीत विकायला काढली, पाठोपाठ सरकारी टेलिफोन कंपनी ब्रिटिश टेलिकॉमचे शेअर. १९८५ मध्ये एक्क्याण्णव वर्षांच्या मॅकमिलननी भर सभेत या खासगीकरणाची तुलना घरातली चांदी विकण्याशी केली.

माझ्या मते हा पक्ष कुठल्या एका आर्थिक सिद्धांताला कधीच बांधलेला नव्हता. ज्यांच्याकडे राखण्यासारखं काही आहे त्यांची बाजू तो घेत आला. आधी ते जमीनदार होते, मग गिरणी-कारखानदार आले, आणि १९८० नंतर नगरपालिकेचं घर विकत घेतलेला कामगारही त्यात आला. थॅचरबाईंना हे नेमकं कळलं होतं.

युरोपचं प्रकरण मात्र या हिशेबात बसत नाही. १९७५ च्या सार्वमतात थॅचरबाई सदस्य देशांच्या झेंड्यांचा स्वेटर घालून युरोपीय बाजारपेठेत राहण्याचा प्रचार करत होत्या, आणि फूट पडली होती मजूर पक्षात. २०१६ ला नेमकं उलटं झालं. ब्रेक्झिटने लंडनमधल्या बड्या वित्तसंस्थांचं नुकसान होणार हे दिसत असूनही हुजूर पक्षाचे निम्म्याहून अधिक मतदार बाहेर पडण्याच्या बाजूने गेले.