वाचक विचारतात : आधी पार्किंग बघा, मग गाडी

चार मीटरच्या आसपासच्या, खिशाला परवडणाऱ्या इलेक्ट्रिक एसयूव्हींबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. बॅटरीचा एक किलोवॉट-अवर म्हणजे आपल्या वीजबिलातलं एक युनिट, म्हणून उत्तरांत सगळीकडे ‘युनिट’ असंच म्हटलं आहे.

रोज मुलुंड ते बीकेसी, जाऊन-येऊन ४४ किमी. महिन्यातून एकदा चौघं पुण्याला, कोथरूडला. ३० युनिटची बॅटरी पुरेल की ४५ चीच घ्यावी? माहितीपत्रकात ४५ ला ४८९ किमी लिहिलंय. (मुलुंड पूर्व)

४८९ चा आकडा बाजूला ठेवा. तो प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगांच्या चक्रात, एसी न लावता काढलेला असतो. दोन गाड्यांची आपसांत तुलना करायला त्याचा उपयोग आहे, तुमचा प्रवास आखायला नाही.

मुंबईतला हिशोब किलोमीटरपेक्षा तासांचा आहे. गर्दीत गाडी हळू चालते, ब्रेक लावताना थोडी वीज परत बॅटरीत जाते, त्यामुळे मोटर फार खात नाही. खातो तो एसी. मे महिन्यात चौघांची केबिन थंड ठेवायला तासाला साधारण एक युनिट लागतं, गाडी चालो की सिग्नलला उभी राहो. तुमचे ४४ किमी तीन तासांत होत असतील तर मोटरचे पाच आणि एसीचे तीन, असे दिवसाला आठ युनिट धरा. म्हणजे ३० युनिटची बॅटरी तिसऱ्या रात्री चार्जिंगला लावावी लागेल. शहरासाठी ती भरपूर झाली.

आता पुणे. साधारण १५० किमी, द्रुतगती मार्गावर ९० ते १०० चा वेग, चार माणसं आणि सामान. किलोमीटरला ०.१६ ते ०.१७ युनिट, म्हणजे सुमारे २५ युनिट. वर बोरघाट. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरहून थोडी जास्त चढाई आहे. भरलेली गाडी १७०० किलोची धरली तर तेवढं वजन वर न्यायलाच अडीच युनिट लागतात आणि मोटरमधली घट धरून तीन. पुणं स्वतःच उंचावर असल्याने जाताना यातलं फारसं परत मिळत नाही. एकूण २८ युनिट. ३० च्या बॅटरीतून प्रत्यक्ष वापरायला मिळतात त्याहून थोडेच कमी, त्यामुळे वाटेत खालापूरला थांबणं भाग आहे. ४५ ची बॅटरी कोथरूडला ३५ टक्क्यांच्या आसपास शिल्लक ठेवून पोचेल.

येताना घाट उतारावर चढाईच्या विजेतली निम्मी परत मिळते. पण लोणावळ्यात शंभर टक्के चार्ज करून लगेच घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीला आणखी वीज घेता येत नाही, मोटरची ब्रेकिंग मंदावते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. ८० टक्क्यांवर चार्जरची गन काढलेली बरी.

महिन्यातून एकच फेरी असेल तर वाटेत एकदा थांबायची तयारी ठेवून ३० घ्या. दर आठवड्याला जाणं असेल, किंवा गणपतीला कोकणात गाडी न्यायची असेल तर ४५. त्या दिवसांत चार्जर असतो, पण त्याच्यापुढे रांगही असते, आणि मोठ्या बॅटरीने एक रांग वाचते. शिवाय काही वर्षांनी बॅटरीची क्षमता दहा-पंधरा टक्के उतरलेली असेल. ४५ ला ते जाणवणार नाही, ३० ला जाणवेल.

टोलबद्दलही तुम्ही विचारलंय. राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक चारचाकींना टोल माफ आहे. फास्टॅगवर गाडीचा नंबर आणि प्रकार बरोबर नोंदला आहे ना ते बघा, आणि पहिल्या फेरीनंतर पैसे कापल्याचा मेसेज आलाय का तेही.

सोसायटीचा इलेक्ट्रिशियन म्हणतो, मीटर रूमपासून स्टिल्ट पार्किंगपर्यंत ४० मीटर केबल ओढतो, ४ स्क्वेअर एमएमची, आणि भिंतीवर चार्जर लावतो. चालेल का? (बोरिवली पश्चिम)

कोणता चार्जर, यावर अवलंबून आहे. गाडीबरोबर मिळणारा १५ अँपिअरचा पोर्टेबल चार्जर ताशी तीन युनिटच्या आसपास देतो. भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा चार्जर ३२ अँपिअर ओढतो, तोही सलग सहा-सात तास. गिझरसारखा वीस मिनिटांत बंद होत नाही. घरातल्या वायरिंगचे अंदाज इथे चुकतात ते याच कारणाने.

४० मीटर अंतर म्हणजे जाणं-येणं धरून ८० मीटर तांबं. ४ स्क्वेअर एमएम जाडीच्या केबलला ३२ अँपिअरवर जवळजवळ १२ व्होल्टची घट होते आणि केबलमध्येच पावणेचारशे वॉट उष्णता होऊन जातात. ६ ला आठ व्होल्ट, १० ला पाचच्या आत. ३२ अँपिअरसाठी इतक्या अंतराला आम्ही १० चीच केबल सांगू. केबल पाइपमधून इतर वायरींबरोबर दाबून नेली असेल तर ६ वापरूच नका. १५ अँपिअरच्या चार्जरला मात्र ४ ची केबल पुरते.

आणि खरं तर बहुतेक घरांना १५ अँपिअरच पुरतं. दिवसाला आठ युनिट लागत असतील तर रात्रीचे तीन तास झाले. ७.२ किलोवॉटसाठी मंजूर भार वाढवायचा, जाड केबल घ्यायची, कमिटीशी वाद घालायचा, एवढं करण्याआधी स्वतःचे रोजचे किलोमीटर मोजा. मात्र १५ अँपिअर म्हणजे बाजारातला साधा प्लास्टिकचा सॉकेट नव्हे. त्याच्या पितळी पट्ट्या महिन्या-दोन महिन्यांत सैल होतात, संपर्काच्या जागी ताप वाढतो आणि प्लगची पिन काळी पडते. निळा, झाकणाचा औद्योगिक सॉकेट लावा. एक्स्टेन्शन बोर्ड कधीच नको.

पॅनेलमध्ये १५ अँपिअरच्या चार्जरला २० चा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, ३२ च्या चार्जरला ४० चा. दोन्हींना ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच. तो ‘टाइप ए’ असल्याचं छापलेलं बघून घ्या. स्वस्त ‘एसी’ टाइप गाडीच्या चार्जरमधून येणारी गळती ओळखेलच असं नाही. केबलच्या टोकाला लग, म्हणजे धातूची टोपी, दाबून बसवलेला हवा, नुसत्या पिळलेल्या तारा स्क्रूखाली नकोत. पंधरा दिवसांनी स्क्रू पुन्हा आवळून घ्या.

‘नवी गाडी चार्जच होत नाही’ ही तक्रार आली की आधी अर्थिंग बघावं. जुन्या इमारतींत अर्थिंगची तार असते, पण खाली जमिनीशी नातं तुटलेलं असतं. इस्त्रीला ते कळत नाही. गाडीचा चार्जर तपासतो आणि लाल दिवा दाखवून थांबतो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये, भार चालू असताना, दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी ते दुरुस्त करा. अर्थिंगला बगल देणारे अॅडॉप्टर मिळतात. ते वापरणं म्हणजे ओल्या पार्किंगमध्ये गाडीच्या पत्र्यात करंट उतरायला वाट करून देणं आहे.

कमिटीला पत्र देताना केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घ्या. घरी, सध्याच्या वीजजोडणीवरून खासगी गाडी चार्ज करायला परवानगी आहे आणि त्यासाठी परवाना लागत नाही. जोडणी स्वतःच्या मीटरवरून किंवा वीजकंपनीकडून वेगळा मीटर घेऊन करा. सोसायटीच्या कॉमन मीटरवरून घेतलेली वीज हे भांडणाचं मूळ ठरतं.

आमच्या टॉवरमध्ये यांत्रिक पार्किंग आहे. (लोअर परळ)

मग शोरूमला जाण्याआधी पॅलेटवरची, म्हणजे गाडी वर-खाली नेणाऱ्या फलाटावरची, पाटी वाचा. वजनाची अडचण सहसा येत नाही, उंचीची येते. अनेक जुन्या पॅलेटवर दीड मीटरच्या आसपासच्या सेडानच बसतात. नेक्सॉन ईव्हीची उंची १६१६ मिमी आहे, पंच ईव्हीची १६३३. आणि हलत्या पॅलेटवर चार्जिंग मिळत नाही. तळमजल्यावरची एखादी स्थिर जागा अदलाबदलीत मिळते का ते आधी विचारा.

घरी चार्जिंगची सोय होणारच नाही, गाडी रस्त्यावर लागते. ऑफिसजवळ सार्वजनिक चार्जर आहे. पेट्रोल गाडी काढून इलेक्ट्रिक घ्यावी का? वर्षाला १२,००० किमी. (अंधेरी पूर्व)

आकडेच मांडू, दर तुमच्याकडचे घालून बदला. गर्दीत पेट्रोलची गाडी लिटरला १२ किमी देत असेल आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं, तर वर्षाला एक लाख चार हजार. सीएनजी किलोला २० किमी आणि ८० रुपये धरला, तर ४८ हजार. इलेक्ट्रिक युनिटला ६ किमी, म्हणजे २००० युनिट. घरी चार्ज करताना १२ टक्के वाया जातात ते मिळवून, १० रुपये दराने साडेबावीस हजार. पण सार्वजनिक फास्ट चार्जरवर १८ टक्के जीएसटीसह २२ रुपये पडत असतील तर ४४ हजार. म्हणजे सीएनजीपेक्षा फक्त चार हजारांची बचत, आणि आठवड्यातून दोनदा चार्जरपाशी पाऊण तास. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे किमतीतलं अंतरही पूर्वीइतकं मोठं नाही. इलेक्ट्रिकवर तो ५ टक्के आहे आणि राज्याचा मोटार वाहन करही माफ आहे, हे खरं. तरी तुमच्या परिस्थितीत आम्ही थांबा म्हणू. ऑफिसात साधा १५ अँपिअरचा सॉकेट मिळाला तर उत्तर लगेच बदलेल.

बॅटरी भाड्याने घेण्याच्या योजनेबद्दलही तुम्ही लिहिलंय. किलोमीटरला साडेतीन रुपये भाडं आणि महिन्याला किमान १५०० किमीची अट असेल, तर १००० किमी चालवूनही ५,२५० रुपये भरावे लागतील. विजेचा खर्च वेगळा. किमान किलोमीटरची अट कुठे बारीक अक्षरात आहे ते शोधा.

पावसाळ्यात गाडी पाण्यातून न्यायची भीती वाटते. बॅटरी ‘आयपी ६७’ आहे म्हणतात. (सायन)

आयपी ६७ म्हणजे एक मीटर खोल, स्थिर आणि स्वच्छ पाण्यात अर्धा तास. गांधी मार्केटपाशी भरतीच्या वेळी साचतं ते पाणी स्थिर नसतं, स्वच्छ तर नसतंच, आणि त्यात समुद्राचा खारेपणा असू शकतो. शिवाय हे प्रमाणपत्र बॅटरीच्या पेटीचं आहे. दारातले कनेक्टर, गालिच्याखालच्या वायरी, १२ व्होल्टची यंत्रणा यांना ते लागू नाही. विजेच्या गाडीत पाणी शिरलं तर खर्च बहुधा तिथूनच सुरू होतो.

२१५/६० आर१६ टायरचं चाक ६६ सेंटिमीटर उंच असतं, म्हणजे मधोमध ३३. पाणी चाकाच्या मध्याच्या वर असेल तर जाऊ नका. मॅन्युअलमध्ये याहून कमी खोली दिली असेल तर ती पाळा. अंधेरी आणि मिलन सबवेत खोली डोळ्यांनी कळत नाही, तिथे तर विचारच नको. गाडी पाण्यात उभी राहिलीच तर पाणी ओसरल्यावर चालू करून बघू नका, चार्जिंगला लावू नका. दोरी बांधून ओढूही नका, कारण चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार होते. फ्लॅटबेड मागवा. विम्यात बॅटरी आणि मोटरमध्ये पाणी गेल्याचं कलम आहे का, ते जूनच्या आधीच वाचा.

दोन लहान मुलं आणि गुडघेदुखी असलेली आजी. गाडी बघायला गेल्यावर काय तपासायचं? (चेंबूर)

आजींना बरोबर न्या आणि मागच्या सीटवर वीस मिनिटं बसू द्या. जमिनीखाली बॅटरी असल्याने काही गाड्यांत मागचा तळ वर येतो, गुडघे उंच राहतात आणि मांडीला आधार मिळत नाही. पाच मिनिटांच्या फेरीत हे कळत नाही. चढ-उतार करताना दाराचा उंबरा किती उंच पडतो तेही त्यांनाच ठरवू द्या.

मुलांची सीट गाडीला घट्ट अडकवणारे आयसोफिक्सचे हुक मागच्या दोन बाजूंना असतात. दोन्ही सीट लावल्यावर मध्ये आजी बसू शकतील का, आणि मधल्या जागेला तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आहे का, हे स्वतः लावून बघा. बहुतेक घरांत इथे गणित फसतं. भारत एनकॅप या गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या कार्यक्रमाच्या २०२४ च्या चाचण्यांत नेक्सॉन ईव्हीला मोठ्यांच्या सुरक्षेत ३२ पैकी २९.८६ आणि मुलांच्या ४९ पैकी ४४.९५ गुण मिळाले, पंच ईव्हीला ३१.४६ आणि ४५. दोन्ही पाच तारे. इलेक्ट्रिक आवृत्तीचाच निकाल विचारा, पेट्रोलचा दाखवला तर तो वेगळ्या वजनाच्या गाडीचा आहे. डिकीत स्टेपनी आहे की नुसता पंक्चर किट, हेही बघा. खड्ड्यात टायरची बाजू फाटली तर किटने काही होत नाही.

आयुष्यभराची बॅटरी वॉरंटी खरी असते का? (ठाणे)

अटींसह असते. ती बहुधा पहिल्या खासगी मालकापुरती असते. गाडी विकली की नव्या मालकाला ठरावीक वर्षं आणि किलोमीटरच उरतात, आणि पुनर्विक्रीची किंमत त्यावर ठरते. विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी घ्या : क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बॅटरी बदलून मिळेल, आणि दुसऱ्या मालकाला नेमकं काय मिळेल. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या अंतराने ती एकदा शंभर टक्के भरा, नाहीतर उरलेल्या टक्क्यांचा आकडा चुकीचा दिसू लागतो.

मोठी बॅटरी ७० टक्के, तरी गाडी सकाळी उघडेचना! (दहिसर)

बहुधा १२ व्होल्टची छोटी बॅटरी बसली असेल. दारं, स्क्रीन आणि मोठ्या बॅटरीला जोडणारा रिले, सगळं तिच्यावर चालतं, त्यामुळे मोठी भरलेली असूनही गाडी मेल्यासारखी होते. डॅशकॅम किंवा ट्रॅकर तिच्यावर कायम जोडला असेल तर आधी तो काढा. चावीतल्या लोखंडी पात्याने दार उघडा आणि मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या ठिकाणीच जंप द्या. तशी सोय दिलेली नसेल तर कंपनीची रस्त्यावरची मदत बोलवा. महिनाभर गावी जाणार असाल तर मोठी बॅटरी ५०-६० टक्क्यांवर ठेवा आणि शेजाऱ्याला आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास चालू करायला सांगा.