तुमचे प्रश्न: घाण करणारे चार, कुलूप मात्र सगळ्यांच्या संडासाला

कामावरच्या सामाईक संडासाबद्दलची बरीच पत्रं आलीत यावेळी. लाजेचा विषय म्हणून कुणी उघड बोलत नाही, त्रास मात्र रोजचा. त्यातली चार पत्रं घेतलीयत, पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण त्यात बाकीच्यांचेही प्रश्न गुंतलेत.

प्रश्न: ताई नमस्कार. मी वाळूजला एका पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर आहे. आमच्याकडं तिन्ही शिफ्टचे पोरं तेच संडास वापरतात, परमनंट बी अन् कॉन्ट्रॅक्टचे बी. काही महिन्यापासून कुणीतरी मुद्दाम घाण करायलंय. बेसिनमधे गुटखा थुंकतात, पुड्या भांड्यात टाकतात मग ते तुंबतं, नळाच्या तोट्या गायब होतात, अन् आता भिंतीवर एका साहेबाबद्दल आणि क्वालिटीतल्या एका मॅडमबद्दल नको ते लिहिलंय. मॅनेजमेंट म्हणतं नाव सांगा नाहीतर सगळ्यांच्या पगारातून ३०० रुपये कापतो. एक संडास सोडून बाकीच्यांना कुलूप लावलंय, चाव्या माझ्याजवळ. पोरं माझ्यावर चिडलेत. एचआरवाले म्हणतात आत कॅमेरा लावू. मी काय करू?
एक सुपरवायझर, वाळूज

उत्तर: दादा, आधी त्या चाव्या मॅनेजमेंटला परत करा आणि कुलपं काढायला लावा, बाकी सगळं नंतर. कामगार कामावर आहे तोवर त्याला संडास कधीही वापरता आला पाहिजे हे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासून लिहिलेलं आहे आणि नव्या श्रम संहितेतही सोय करायची जबाबदारी मालकाचीच ठेवलीय. जुन्या नियमात तर पहिल्या १०० पुरुषांपर्यंत दर २५ जणांमागं एक संडास, बायकांसाठी दर २५ जणींमागं एक वेगळा, असा हिशोबच दिला होता. तुमच्याकडं आता अख्खी शिफ्ट एका भांड्यावर आलीय, म्हणजे ते घाण होणारच, आणि मग मॅनेजमेंट म्हणणार बघा सुधरतच नाहीत. ज्याने घाण केली तो तोंड दाबून हसत फिरतोय आणि रांगेत उभा कोण, तर ज्याला शुगर आहे तो माणूस.

पगारातून कापायचं म्हणाल तर तसं सरसकट कापताच येत नाही. दंड लावायचा तर कोणत्या चुकीला दंड आहे ते आधी मंजुरी घेऊन नोटीस बोर्डावर लावलेलं पाहिजे, ज्याच्यावर लावायचा त्याला आधी बोलायची संधी दिली पाहिजे, महिन्याचा एकूण दंड त्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर जाता कामा नये, आणि जमा झालेला पैसा कामगारांच्याच भल्यासाठी वापरायचा असतो. तोटी कोणी काढली माहीत नाही म्हणून शंभर जणांकडून तोटीचे पैसे घेणं यात कुठंच बसत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, असं कापलं की जे पोरं उद्या येऊन तुम्हाला हळूच नाव सांगणार होते ते पण गप्प बसतात.

आत कॅमेरा? नाही म्हणजे नाही. मुतारीच्या बाजूला पण नको, नुसती भीती दाखवायला लावलेला डमी पण नको. बाहेरच्या पॅसेजमधे, दारात कोण येतंय जातंय एवढंच दिसेल असा लावता येतो, तो पण सगळ्यांना सांगून, तिथं मराठीत बोर्ड लावून. बायकांच्या बाजूला तो कोण बघतंय हे सुद्धा ठरवून ठेवा, सिक्युरिटी केबिनमधे येणारा जाणारा कुणीही स्क्रीनसमोर बसत असेल तर तो कॅमेराच नवीन त्रास होतो.

आता शोधायचं कसं. मला विचाराल तर आधी पाण्यापासून सुरुवात करा. आपला भाग कसलाय तुम्हाला सांगायला नको, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि उन्हाळा लागला की एमआयडीसीत पण टँकरची वाट बघणं चालूच असतं. शिफ्ट सुटायच्या वेळेला टाकी रिकामी असेल, बादली नाही, मग्गा फुटलेला, लाइट गेलेली, तर आत गेलेला माणूस काय करणार, तो तसंच सोडून येणार, त्याला गैरवर्तन म्हणू नका. हे आधी नीट करा म्हणजे जे उरेल ते मुद्दाम केलेलं हे कळतं. मग सफाईवाल्या काकांकडं किंवा मावशीकडं एक साधी वही द्या, किती वाजता साफ केलं, पुढच्या वेळी काय दिसलं, आणि मोबाइलवर रिकाम्या संडासाचा फोटो. काही आठवड्यात दिसायला लागतं की घाण अमुक शिफ्टच्या अमुक वेळेलाच होतीय. एवढं कळलं तरी शंभर जणांचा प्रश्न दहा जणांवर येतो. त्या दहा जणांना पण सगळ्यांसमोर उभं करू नका, एकेकाला बोलवा, आरोप न करता विचारा.

गुटख्याचं वेगळं आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी २०१२ पासून आहे, तरी पुड्या गेटच्या आत येतातच ना, मग अडवायचं ते गेटवर, बेसिनपाशी नाही. ज्याला सुटत नाही त्याच्याशी कंपनीच्या डॉक्टरनं बोलावं. आणि तुंबलं की कुणालातरी हातानं काढायला लावता का, ते मात्र लगेच बंद करा.

भिंतीवरच्या लिखाणाचं मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं आणि त्यात तुम्ही दोन गोष्टी एकत्र केल्यात. साहेबाबद्दल काय लिहिलंय ते एकदा शांतपणे वाचा. नुसती शिवी आहे की ओव्हरटाइमचं, सुट्टीचं, कुणाला काढून टाकल्याचं काही आहे? माणूस भिंतीवर लिहितो तेव्हा बऱ्याचदा त्याला दुसरीकडं बोलायला जागा नसते. २० किंवा जास्त कामगार असतील तिथं तक्रार निवारण समिती लागते, तुमच्याकडं ती आहे का आणि शेवटची कधी बसली हे मॅनेजमेंटला विचारा. मॅडमबद्दलचं लिखाण मात्र वेगळ्याच खात्यात जातं, तो लैंगिक छळ आहे. तारखेसकट फोटो काढा, त्याच दिवशी भिंत रंगवून घ्या, फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, आणि मॅडमना एखाद्या बाई सहकाऱ्यामार्फत सांगा, चहाच्या टपरीवरून त्यांना कळायला नको. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं १० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते, तक्रार ३ महिन्याच्या आत करायची, आणि पोलिसात जायचा रस्ता त्यांना वेगळा मोकळा आहेच. सगळ्या पोरांना बसवून अक्षर तपासायचा प्रकार करू नका, त्यातून सिद्ध काही होत नाही आणि वातावरण बिघडतं.

आणि सापडला तर? मराठीत आरोपपत्र द्या, उत्तराला वेळ द्या, ज्याने पकडलं त्यालाच चौकशी अधिकारी करू नका, त्याला सोबत एखादा सहकारी घेऊ द्या. चौकशीसाठी सस्पेंड केलं तर पहिले ९० दिवस निम्मा पगार द्यावा लागतो हे पण हिशोबात ठेवा. तोटी काढली आणि बाईबद्दल घाण लिहिलं याची शिक्षा एकसारखी नसते. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते, परमनंट माणसाला चौकशी आणि कॉन्ट्रॅक्टच्या पोराला उद्यापासून येऊ नको, हे करू नका. कुठल्यातरी तांड्यावरून, वस्तीवरून आलेला पोरगा असतो, खोलीचं भाडं थकलेलं असतं, पुरावा नसताना बळी बहुतेक त्याचाच जातो.

प्रश्न: मी नांदेडला एका छोट्या ऑफिसात अकाउंट बघते. कॉम्प्लेक्समधे मजल्यावर सगळ्या ऑफिसांना मिळून एकच टॉयलेट ब्लॉक आहे, मधली भिंत वरपर्यंत नाही. मागच्या आठवड्यात मी आत असताना वर मोबाइल दिसला. मी ओरडले तर शेजारच्या ऑफिसातला एकजण पळत गेला. आमचे सर म्हणतात पुरावा काय, तुझीच बदनामी होईल, सोडून दे. आम्ही सहाच जण आहोत.
नाव नको

उत्तर: ताई, बदनामी तुमची होत नाही, त्याची होते. तुमच्या सरांनी तुमच्या बाजूनं उभं राहायला हवं होतं. तुम्ही ओरडलात ते फार बरं केलंत, साक्षीदार तिथंच तयार झाला असेल, कुणी ऐकलं ते आठवून लिहून ठेवा. तारीख, वेळ, त्याचे कपडे, कुठल्या बाजूला पळाला, सगळं आजच लिहा. कॉम्प्लेक्सच्या पॅसेजमधे कॅमेरा असेल तर त्या वेळचं रेकॉर्डिंग जपून ठेवा असं मालकाला लेखी द्या, उशीर केला तर जुन्यावर नवीन चढतं आणि गेलंच. त्याच्या मोबाइलला स्वतः हात लावू नका, डिलीट कर म्हणून पण सांगायला जाऊ नका, तो पुरावा आहे, तो पोलिसांनीच घ्यायचा.

भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ यासाठीच आहे, बाईच्या खाजगी क्षणात नुसतं चोरून बघणं सुद्धा त्यात येतं, त्यामुळं फोटो निघाला की नाही यावर सगळं अडून नाही. पहिल्यांदा सिद्ध झालं तरी १ ते ३ वर्षं शिक्षा. आयटी कायद्याचं ६६ ई पण लागू शकतं. ११२ ला फोन करा नाहीतर थेट ठाण्यात जा, जबाब महिला पोलिसानंच घ्यायचा असतो. घरातलं कुणी किंवा एखादी मैत्रीण सोबत न्या.

तुमच्या ऑफिसात दहापेक्षा कमी लोक आहेत म्हणून अंतर्गत समिती नसणार, अशांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, कलेक्टर ऑफिस किंवा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. आणि तो तुमच्या ऑफिसचा नाही म्हणून तक्रार होत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, समोरचा दुसऱ्या ठिकाणचा असला तरी बाईच्या कामाच्या ठिकाणची समिती तिची तक्रार ऐकू शकते हे सुप्रीम कोर्टानं २०२५ मधे स्पष्ट केलंय. भिंत छतापर्यंत घ्या म्हणून मजल्यावरच्या सगळ्या बायकांनी मिळून सह्यांचा अर्ज द्या, एकटीनं नको.

प्रश्न: जालन्यात रोलिंग मिल आहे. पोरं मोबाइल घेऊन संडासात अर्धा अर्धा तास बसतात. टोकन पद्धत लावावी का?

उत्तर: लावू नका. भट्टीजवळ, तेही मे महिन्यात काम करणारा माणूस टोकनच्या भीतीनं पाणी कमी प्यायला लागला तर तो चक्कर येऊन पडेल, मुतखडा होईल, आणि रोलिंग मिलमधे चक्कर म्हणजे काय ते तुम्हाला माहितीय. आधी बघा की सावलीत, पंख्याखाली बसायला जागा दिलीय का, नसेल तर पोरं तिथंच बसणार. दिली असून एखादा रोजच गायब होत असेल तर त्याच्याशी एकट्याशी कामाबद्दल बोला, मिनिटं मोजू नका, त्याला मूळव्याध असू शकते आणि ते तो चारचौघात सांगणार नाही.

प्रश्न: माझी आई लातूरला एका मोठ्या ऑफिसात संडास साफ करते. ती लिहीत नाही म्हणून मी लिहितेय. काही लोक मुद्दाम पाणी टाकत नाहीत, आई बोलली तर म्हणतात तुझं कामच ते, एकजण जातीवरून पण बोलला. ठेकेदार म्हणतो गप्प रहा नाहीतर दुसरी बाई आणतो.

उत्तर: बाळा, आईला माझा नमस्कार सांग. साफ करणं तिचं काम आहे, अपमान सहन करणं तिचं काम नाही, आणि मुद्दाम घाण करून ठेवणं हे त्या ऑफिसच्या शिस्तीच्या नियमात गैरवर्तनच आहे, करणारा साहेब असला तरी. हातमोजे, बूट, ब्रश द्यायलाच हवेत, ठेकेदार देत नसेल तर त्या ऑफिसला मागा. सेप्टिक टँकमधे उतरायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणायचं, हातानं मैला काढायला लावण्यावर बंदी घालणारा २०१३ चा वेगळा कायदा आहे, त्यानं ते करायला लावणाराच गुन्हेगार ठरतो. जातीवरून जो बोलला त्याचं मात्र सोडू नका. तुम्ही अनुसूचित जाती जमातीतले असाल, तो त्यातला नसेल आणि चारचौघांसमोर बोलला असेल तर तो १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे, कोण कोण हजर होतं त्यांची नावं आईला विचारून आत्ताच लिहून ठेव. अर्ज ठेकेदाराकडं देऊ नको, ऑफिसच्या प्रमुखांच्या नावानं दे, दोन प्रती कर आणि एका प्रतीवर आवक जावकचा शिक्का घेऊनच बाहेर पड.